छातीतला पहारा

हमीदमास्तरांशी कुणी बोलायला लागलं की ते डोळे मिटून घेत. नव्या माणसाला हे विचित्र वाटे. आपलं बोलणं कंटाळवाणं झालं की काय, अशी शंका येऊन तो मध्येच थांबे. मग मास्तर डोळे न उघडताच म्हणत, "बोला की. ऐकतोय." ते ऐकत असत हे खरं, पण शब्द नव्हेत. बोलता बोलता माणूस श्वास कुठे घेतो, किती घेतो, तो छातीत कुठवर जातो, याकडे त्यांचा कान असे.

माझी आणि त्यांची पहिली भेट भांडणाने व्हायची होती. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला म्हणून मी बीडला आले आणि बाजारामागच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर खोली घेतली. खालच्या बाजूला, भिंतीला भिंत लागून मास्तरांचं घर होतं. रोज पहाट सरली की त्या घरातून क्लॅरिनेटचा एकच एक सूर निघे. गाणं नाही, धून नाही, एकच सूर. गल्लीच्या टोकाला दूधवाल्याची मोटारसायकल वळली की तो सुरू होई आणि ती दारासमोरून पुढे जाईपर्यंत तुटत नसे. आठवडाभर सहन करून मी त्यांच्या दारात गेले. काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं. मी बोलू लागले, मास्तरांनी डोळे मिटले, आणि माझं संपल्यावर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमी वाक्याच्या मधीच दम घेता. भांडायची सवय न्हाई तुमाला. बसा." मग आत वळून, "अगं, चहा ठेव. मॅडम भांडायला आल्यात."

चहा आला. जुलेखाभाभींनी तो माझ्यासमोर ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, मी लगीन होऊन आले तवापासून भांडतीय. तुमाला जमलं तर बगा." मी हसले. त्यानंतर त्या सुराचा मला कधी त्रास झाला नाही. पुढे पुढे तर तो ऐकू आल्याशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटेना.

मास्तर बँडमास्तर होते. वडील बँडमध्ये, त्यांचे वडीलही बँडमध्ये. वाद्य वडिलांचंच होतं, काळं, चांदीसारख्या कळांचं, कितीदा तरी दुरुस्त केलेलं. लाल कोट, त्याच्यावर सोनेरी पट्ट्या आणि गळ्याशी ताठ उभी कॉलर. लगीनसराईत गेवराईपासून आष्टीपर्यंत त्यांना बोलावणी येत. अलीकडे ती कमी झाली होती. त्यांच्या स्वतःच्या मुलाने, अस्लमने, डीजेची गाडी घेतली होती. मास्तर त्याच्यावर रागावले नाहीत. फक्त कुणी विचारलं तर सांगत, "आमच्या अस्लमच्या बँडला दम लागत न्हाई, डिझेल लागतं."

बँडमध्ये नवा माणूस घ्यायचा तर त्यांची एक रीत होती. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग असे. त्यातल्या एका पत्रिकेचा तुकडा फाडून ते आलेल्या माणसाच्या हातात देत. तो भिंतीला लावायचा, हात काढून घ्यायचा आणि नुसत्या फुंकरीवर तिथेच धरून ठेवायचा. एखादा बिचारा वाद्य काढून बसलेला असे. "बाजा नंतर दाखव बे," मास्तर म्हणत, "आधी कागद धर." कागद चटकन पडला तर माणूस परत. सूर शिकवता येतो, बोटं शिकवता येतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्याचा शेवट ठरलेला असे: "फूंक खोटं बोलत न्हाई."

या वाक्यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या घराण्यात आजाराची पारखही त्यावरच होई. ताप आला, अंग दुखलं, तरी आधी सूर धरून बघायचा. सूर टिकला तर माणूस ठीक आहे. डॉक्टर वगैरे नंतर.

मग त्यांची बोटं वाकायला लागली. सुरुवातीला सकाळी ती उघडत नसत. जुलेखाभाभी कोमट पाण्याची बादली अंगणात ठेवत आणि मास्तर दोन्ही हात त्यात बुडवून बसत. तासाभराने बोटं सैल होत. पुढे तासाचे दोन झाले आणि सकाळचा सूर बंद पडला. सांधे सुजून लाल दिसू लागले. कडा गावात एका वरातीत त्यांची करंगळी खालच्या कळेपर्यंत पोहोचलीच नाही. सूर सुटला. शेजारच्या ट्रंपेटवाल्याने जोरात वाजवून तो झाकला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला हे सांगितलं आणि म्हणाले, "कुनाला कळलं न्हाई, मॅडम. त्याचंच वाईट वाटलं."

अस्लम त्यांना पुण्याला सांध्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. हा संधिवात म्हाताऱ्या हाडांचा नव्हता. शरीराचं संरक्षण करणारी व्यवस्थाच आपल्याच सांध्यांवर उलटते, तो. गोळ्यांनी फार फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी नव्या प्रकारच्या इंजेक्शनचा विषय काढला. त्याने बोटं मोकळी होतील अशी चांगली आशा होती. पण ते देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि हातावर क्षयाची चाचणी करावी लागते. चाचणीची जागा चांगलीच सुजली, म्हणजे क्षयाचा जंतू कधीतरी आत शिरला होता. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी चुन्याचा एक पांढरा ठिपका दिसला.

मास्तर तो एक्स-रे घेऊन माझ्याकडे आले. मागे जुलेखाभाभी. मी तो खिडकीच्या काचेला लावला. काळ्या छातीत तो ठिपका जोंधळ्याच्या दाण्याएवढा होता.

"हा खडा कुनी टाकला?" मास्तरांनी विचारलं. आवाजात थोडी नाराजी होती, जणू धुतलेल्या चादरीवर कुणी पान थुंकलं होतं.

"तुमच्या वडिलांना काय झालं होतं?" मी विचारलं.

"दमा."

जुलेखाभाभी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आता सांगा की. मॅडम काय गल्लीत दवंडी पिटणार हायत का?"

मग मास्तरांनी सांगितलं. वडील क्षयाने गेले होते. तेव्हा मास्तर लहान होते आणि बापाच्या अंथरुणातच झोपत. वाद्य तोंडाला लावणाऱ्याला क्षय झाला हे कळलं तर कुणी त्या घराला वरातीला बोलावणार नाही, म्हणून घरच्यांनी दमा सांगितला. सांगता सांगता घरातल्यांनाही तो दमाच वाटू लागला. मास्तरांना आता वेगळीच काळजी लागली होती. तेच क्लॅरिनेट त्यांनी कितीतरी पोरांच्या तोंडाला दिलं होतं.

मी त्यांना सांगितलं की हा रोग वाद्याच्या तोंडातून येत नाही, आजारी माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून हवेत येतो. आणि त्यांच्या छातीतला जंतू बंदिस्त आहे, तो कुणाकडे जात नाही. त्यांनी डोळे मिटले होते. पण या वेळी ते माझा श्वास ऐकत नव्हते, असं मला वाटलं.

"बंदिस्त म्हंजे? कुनी केला?"

वर्गात मी हा भाग अनेक वर्षं शिकवला होता. खुर्चीवर बसून, एका माणसाला, त्याच्याच छातीबद्दल सांगताना मात्र मला तो पहिल्यांदाच नीट कळत होता. मी सावकाश सांगत गेले. श्वासाबरोबर आत येणाऱ्या कणांना आधी नाकातले केस अडवतात. जे सुटतात ते श्वासनळीच्या चिकट अस्तरावर अडकतात. त्या अस्तराखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या केसांचं शेत असतं. ते सगळे एका दिशेने, वरच्या बाजूला हलत राहतात आणि कचरा घशाकडे ढकलत नेतात, रात्रंदिवस. पण क्षयाचा जंतू फार बारीक थेंबावर बसून येतो. तो या सगळ्यांतून निसटून थेट तळाशी, हवेच्या इवल्या फुग्यांपर्यंत जातो. तिथे काही पेशी एकेकट्या फिरत असतात. त्या त्याला गिळतात. बहुतेक कचरा त्या पचवतात. हा जंतू मात्र गिळल्यावरही आत जिवंत राहू शकतो. अशा वेळी ती पेशी मदत मागते. दुसऱ्या पेशी येतात, तिच्याभोवती कडं करतात, त्याबाहेर आणखी एक. जंतू मरत नाही, पण बाहेरही पडू शकत नाही. वर्षं जातात, त्या कड्यावर चुना चढतो. तोच हा ठिपका.

"म्हंजे अब्बा गेले तवापासून?"

"बहुधा."

"मी झोपलो तवा बी?"

"तेव्हाही. तुम्ही वाजवत होता तेव्हाही."

त्यांनी डोळे न उघडताच एक लांब श्वास घेतला आणि सोडला. मग म्हणाले, "आनि माझ्यासाठी एवढं करत्यात ते, मला पत्ताच न्हाई."

इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी म्हटलं, "मास्तर, ते तुमच्यासाठी करत नाहीत. पेशींना तुम्ही कोण ते ठाऊक नाही. त्यांना काहीच ठाऊक नसतं. त्यांचा तो धर्मच आहे."

मास्तरांनी डोळे उघडले. "मला वळखत न्हाईत," ते म्हणाले, "तरी करत्यात? मग तर लईच मोठं काम हाय की, मॅडम."

मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात हे असं म्हटलेलं नव्हतं.

त्या पेशी बघता येतात का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या नाही, पण कुणाच्या तरी येतील, असं मी म्हटलं. पुढच्या रविवारी प्राचार्यांची परवानगी घेऊन मी प्रयोगशाळा उघडली. मास्तर धुतलेला कुर्ता घालून, अत्तर लावून आले होते, जणू कुणाच्या घरी पाहुणचाराला निघाले होते. जुलेखाभाभीही आल्या होत्या. मी फुप्फुसाच्या पातळ कापाची स्लाइड लावली. मास्तरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तसेच वाकून राहिले.

"जाळी हाय नुसती. लई बारीक."

"त्या जाळीच्या भोकांत हवा असते. आता कोपऱ्यात बघा. एकटी गोल पेशी दिसते? तिच्या पोटात काळे कण आहेत."

"हाय."

"तो धूर आहे. ज्याचं हे फुप्फुस, त्या माणसाने श्वासातून घेतलेला. तिने उचलून गिळला."

मास्तर मायक्रोस्कोपपासून दूर झाले. "हा मानूस कोन व्हता?"

"माहीत नाही. अशा स्लाइड विकत येतात."

त्यांनी टोपी नीट केली, दोन्ही हात समोर धरले आणि ओठातल्या ओठात त्या अनोळखी माणसासाठी दुवा मागितली. इतकी वर्षं शेकडो विद्यार्थ्यांनी ती स्लाइड पाहिली होती. ती कुणाची, हे कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही.

मग जुलेखाभाभींनी पाहिलं. "एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "आन् धूर खातंय? मग आमच्या ह्यांच्या छातीत त्यांची मेजवानीच असंल. जल्मभर जनरेटरच्या मागनं चालत्यात."

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी क्षय प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या. त्या मास्तरांनी एकही दिवस न चुकवता घेतल्या. मग इंजेक्शन सुरू झालं. ते कसं काम करतं तेही मला त्यांनी विचारून घेतलं होतं. शरीरात एक द्रव्य असतं, पेशींना हाका मारून गोळा करणारं. तेच सांध्यांत जास्त झालंय, इंजेक्शन त्याला बांधून ठेवतं, असं मी सांगितलं. "आनि छातीतल्या कड्याला बी तेच हाका मारतं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. म्हणून तर आधी गोळ्या, म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्या वेळी त्यांचं मन बोटांत होतं.

महिना-दीड महिन्यात बोटं उघडली. मी ते पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. बादली अंगणातून गेली. मास्तर शर्टाची बटणं स्वतः लावू लागले, मग घड्याळाचा पट्टा, मग एका सकाळी तो सूर. तो संपल्यावर मात्र ते थांबले नाहीत. सूर वळला, खाली उतरला, आणि मला माहीत नसलेली एक धून गल्लीभर फिरून आली. वरच्या खिडकीतून मी पाहिलं तर जुलेखाभाभी हातातलं पीठ तसंच ठेवून दारात उभ्या होत्या.

त्या वर्षी चकलांब्याला आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या घरी लग्न होतं. वरातीत अस्लमचा डीजे होताच, पण नवरीच्या आजोबांनी हट्टाने बँडही सांगितला होता. पाराजवळ डीजेची गाडी वळेना म्हणून तो बंद करावा लागला, आणि तेवढ्या वेळात मास्तरांनी वाजवलं. लाल कोट, ताठ कॉलर, डोळे मिटलेले. नाचणारी पोरं आधी कंटाळली, मग उभी राहिली. एक म्हातारा शेतकरी हातातली तंबाखू मळायचा थांबला होता. डीजेची गाडी वळली तरी अस्लमने तो लगेच सुरू केला नाही. नंतर मला म्हणाला, "अब्बाचा दम संपायची वाट बघत होतो, मॅडम. संपतच न्हवता."

पुढच्या हिवाळ्यात जुलेखाभाभी एके दुपारी माझ्याकडे आल्या. "मॅडम, ह्यांना सांजच्याला कणकण येतीय. जेवत न्हाईत. इचारलं की फुंकून दाखवत्यात."

मी गेले. मास्तर कोट घालून बघत होते, दुसऱ्या दिवशी कुठेतरी जायचं होतं. मला बघून म्हणाले, "हिनं आनलं का तुमाला? काय न्हाई, मॅडम. ऐका." आणि क्लॅरिनेट लावून सूर धरला. दूधवाल्याची गाडी नव्हती, पण तो पुरा होता, कुठेही कापला नाही. वाद्य खाली ठेवून ते म्हणाले, "फूंक खोटं बोलत न्हाई."

फूंक खरंच खोटं बोलत नव्हती. पण माझी नजर कोटावर होती. खांद्यावरून तो ओघळत होता, आत दुसरा माणूस मावेल इतका ढगळ झाला होता. आणि गळ्याशी मात्र कॉलरचं बटण लागत नव्हतं. माणूस सगळीकडून वाळला होता आणि मानेत जाड झाला होता. मी म्हटलं, "मास्तर, कॉलर बाजूला करा." कानाखालून गळ्यापर्यंत गाठींची माळ होती. त्या दुखत नव्हत्या, म्हणून त्यांनी कुणाला सांगितल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ते वरातीला न जाता दवाखान्यात गेले. गाठीतलं पाणी तपासलं, क्षय निघाला. फुप्फुस तसंच्या तसं होतं, ठिपकाही जागचा हललेला नव्हता. वर्षानुवर्षं मानेच्या गाठींत आणखी काही जंतू दडून बसले होते आणि तिथला पहारा सैल झाला होता. गोळ्या घेऊनही क्वचित असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शन बंद झालं, क्षयाची औषधं सुरू झाली.

औषधांनी ताप उतरला, जेवण वाढलं. सगळ्यांना हायसं वाटलं. आणि काही आठवड्यांनी एका सकाळी अस्लम मला बोलवायला आला. मास्तर अंगणात बसले होते. मानेच्या गाठी पूर्वीपेक्षा मोठ्या झाल्या होत्या, त्यांच्यावरची कातडी लाल आणि गरम होती. चहाचा कप समोर तसाच होता. बोटं पुन्हा मिटली होती, त्यांना कप धरता येत नव्हता. त्यांच्या डोळ्यांत मी प्रथमच भीती पाहिली.

"औषध लागू न्हाई पडत मला," ते म्हणाले.

अस्लमने डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्याकडे दिला. डॉक्टरांनी सांगितलेलं मी दोनदा विचारून घेतलं, कारण मला ते बरोबर ऐकू आलं होतं पण खरं वाटत नव्हतं. फोन ठेवून मी मास्तरांसमोर बसले.

"रोग वाढलेला नाही," मी म्हटलं. "इंजेक्शनचा असर आता पुरता उतरलाय. ज्या पेशींना हाका ऐकू येत नव्हत्या त्यांना आता येतायत. त्या सगळ्या एकदम जंतूंवर आल्यात. गळ्याची सूज ही त्यांची आहे. औषधं चालू ठेवायची, सूज उतरेल."

"आनि बोटं?"

"तेच. तीच हाक सांध्यांतही गेली."

त्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी एक हात उचलून गळ्याच्या गाठींवर ठेवला. वाकलेली बोटं गाठींवर बरोबर बसली.

"म्हंजे मला जगवणारा आनि माझी बोटं मोडणारा एकच हाय," ते म्हणाले.

"एकच."

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. भीती गेली होती. जत्रेत मोठा पाळणा पहिल्यांदा बघताना असतं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "आले म्हना की सगळे ड्यूटीवर."

क्षय बरा झाला. गाठी विरघळल्या, वजन आलं. मग पुण्याचे डॉक्टर म्हणाले की आता दुसऱ्या प्रकारचं औषध आहे, त्यात हा धोका कमी आहे, नजर ठेवून सुरू करता येईल. मास्तर पुण्याहून परत आले ते त्या औषधाला नकार देऊनच.

जुलेखाभाभी त्या दिवशी जितक्या संतापल्या तितक्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. "मला इचारलं का?" त्या म्हणाल्या. "फौज ह्यांची, आन् बटनं लावायची मी. घास भरवायचा मी. तो बाजा पेटीत ठिवलाय, त्याच्याकडं रोज बघायचं ते बी मीच."

"तुझ्याशिवाय कोन लावणार बटनं?"

"ग्वाड बोलू नका."

मीही मास्तरांना सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, असे कितीतरी लोक ही औषधं घेऊन हातपाय चालवतात, त्यांना काही होत नाही. माझं आजही तेच मत आहे. त्यांच्या जागी मी असते तर घेतलं असतं.

"डॉक्टर खोटं न्हाई बोलत," ते म्हणाले. "मी बी भेऊन न्हाई म्हनत. पर मॅडम, जल्मभर कुनीतरी दारात हुबं ऱ्हायलं, मला म्हाईत न्हवतं. बोटांच्या नादात एकदा त्याला घरी धाडलं, ते झालं. आता पुरतं कळल्यावर कुन्या तोंडानं सांगू, जा म्हनून?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं, त्यांना काही कळत नाही."

"त्यांना न्हाई," मास्तर म्हणाले. "मला कळतंय."

जुलेखाभाभी काही दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बटणं मात्र लावत होत्या, न बोलता, जरा जोरात.

त्यानंतर ते काही वर्षं जगले. साध्या गोळ्यांनी दुखणं आवरायचं तेवढं आवरत असत. सकाळी बोटं फारच आखडली की म्हणत, "आज जोरात हाय ड्यूटी." सकाळचा सूर गेला होता. सुट्टीत कधी अस्लम त्यांना पालीला धरणावर घेऊन जाई, मीही दोनदा गेले. तिथे पाण्याकडे तोंड करून ते नुसता श्वास घेत बसत. आत घेतला की जरा थांबत, जणू तो कुठवर गेला ते बघत आहेत. एकदा मी विचारलं, "वाजवावंसं वाटत नाही का हो?"

"वाटतं की," ते म्हणाले. "सकाळी उठल्यावर पैलं तेच वाटतं."

गेल्या थंडीत, पहाटेची नमाज झाल्यावर भिंतीला टेकून बसले असतानाच ते गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी दिवसभर जुलेखाभाभींजवळ बायकांत बसले होते. दफन करून पुरुषमंडळी परत आली तेव्हा अस्लम दाराशी येऊन माझ्यासमोर बसला. मग गुसलची, दफनाआधीच्या अंघोळीची, गोष्ट सांगू लागला. अंघोळ घालायला त्याचे चुलत चुलते आले होते. वयस्कर, या कामातले जाणते. त्यांनी मय्यतीची बोटं मिटलेली पाहिली आणि ती मरणाने आखडलीत असं समजून कोमट पाणी घातलं, एकेक बोट हळूहळू उघडायला लागले.

"मी त्यांचा हात धरला, मॅडम," अस्लम म्हणाला. "म्हनलं, चाचा, मौतनं न्हाई वाकलेली ती. अब्बानं ठिवलीयत तशी. राहू द्या."

आतल्या खोलीच्या दारात जुलेखाभाभी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या.